काय कमी होतं त्या पाणबुडीत

अजूनही कुणी कादंबरीतल्या त्या पाणबुडीच्या कप्तानाचं कौतुक केलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. म्हणे विद्वान! म्हणे दिलदार! माणसं पकडून आणली, ताटं भरभरून खायला घातलं, पुस्तकांनी भरलेली खोली दिली आणि वर सांगितलं, आता जन्मभर इथंच राहायचं. डोंबलाचा दिलदारपणा!

माझा दहावीचा निकाल लागला होता. हर्णेला पावसाळ्यात होड्या ओढून ठेवलेल्या, त्यामुळे बाबा आणि त्यांचे खलाशी आमच्या पडवीत फाटकी जाळी दुरुस्त करत बसायचे. हात कामात, कान मोकळे, म्हणून मी शाळेतून आणलेली ती कादंबरी मोठ्याने वाचून दाखवायचे. माझा जीव मात्र दापोलीच्या अकरावीत अडकलेला. प्रवेश बंद व्हायला आले तरी बाबा हो म्हणेनात. "खायला-ल्यायला काय कमी हाय गो तुला घरात?" एवढंच.

एका दुपारी गोष्टीत देवमाशांची शिकार आली. कप्तानाने पाणबुडी सरळ कळपात घातली, पाणी लाल झालं. बाबांनी हातातलं जाळं आपटलं. "मुडदा बसवला त्याचा! देवमाशाला मारतो?"

आमच्याकडे देवमासा दिसला की हात जोडतात, जाळ्यात अडकला तर जाळं कापून त्याला सोडतात. त्याच वर्षी शिमग्यानंतर बाबांनी कोरं नायलॉनचं जाळं असं कापलं होतं. ते आठवून त्यांचे डोळे भरून आले.

माझ्या डोक्यात सणक गेली. माशासाठी रडताय? मी पुस्तक मिटलं. "बाबा, त्याच्यासाठी जाळं कापलंत ना? मग मलाही सोडा. सकाळच्या एस्टीने जाईन, संध्याकाळी घरी येईन."

बाबा हसले. "अगो, देवमाशाचं काय लगीन करायचं असतं?"

सगळी पडवी खो-खो हसली. आत सुकी मासळी निवडणारी आईसुद्धा हसली. तिचं हसणं मला जास्त लागलं.

प्रवेशाची तारीख गेली. उरलेली कादंबरी मी एकटीने वाचली. कप्तानाने कैद्यांना सोडलं नाहीच, तेच होडी घेऊन पळाले.

पुढच्या वैशाखात माझं लग्न झालं. मांडव, बँड, जेवणावळी, कशातही बाबांनी हात आखडता घेतला नाही. पाठवणीला ते ढसाढसा रडले. मी रडले नाही.

"काय दगडाच्या काळजाची पोर!" एक पाहुणी म्हणाली. "काय कमी केलं होतं गो बापाने तुला?"