पाच पायऱ्यांची बाग

सत्यवान परबांनी कणकवलीत एका वास्तुविशारदाकडे बत्तीस वर्षं नकाशे काढले. निवृत्त होऊन ते जामसंड्याला घरी आले, तेव्हा वाडीतल्या लोकांनी सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळपठारावरच्या, मोकळ्या जागेत बाग करायचं ठरवलं होतं. नकाशाचं काम साहजिकच त्यांच्याकडे आलं.

कागद टेबलावर पसरलेला असताना बायको शेवंती भाजी निवडता निवडता म्हणाली, "पायरे कमी करा. आणि बाकाक पाठ होयी, उठताना धराक दांडो होयो. आमी बायकांनी खंय बसाचा?"

"गो, बाग पोरांची आसा. तू काय घसरगुंडीर बसतलंस?" सत्यवान हसले. शेवंतीही हसली आणि भाजी घेऊन आत गेली.

गुरं शिरू नयेत म्हणून त्यांनी बाग उंच जोत्यावर घेतली. चढायला चिऱ्याच्या पाच पायऱ्या, आत बिनपाठीची गोल बाकं. दिसायला देखणी. उद्घाटनाला सगळ्यांनी त्यांची पाठ थोपटली. शेवंती आणि तिच्या मैत्रिणी, सीता नि नम्रता, एकमेकींचा हात धरून त्या पायऱ्या चढायच्या आणि तिन्हीसांजेपर्यंत बोलत बसायच्या.

दीड वर्षानं शेवंतीची उजवी बाजू लुळी पडली. चाकाची खुर्ची आली. बरं वाटू लागल्यावर तिनं पहिलं नाव काढलं ते बागेचं. सत्यवान खुर्ची ढकलत पायऱ्यांपर्यंत गेले आणि थांबले. खेळणारी तरणी मुलं धावत आली, "काकी, आमी उचलतो," म्हणाली.

शेवंतीनं डावा हात हलवला. "माका गोणीसारखी उचलू नकात. चला घराक."

सत्यवानांनी खुर्ची वळवली.

त्याच आठवड्यात सत्यवानांनी नवा नकाशा काढला. बारा फुटांना एक फूट चढणारा उतार, दोन्ही अंगांना कठडा, पाठ असलेली बाकं. पण आधी परवानगी अडली, मग पाऊस लागला, मग गवंडी मिळेना. दोन वर्षं गेली. तोवर सीता मुलाकडे चिपळूणला राहायला गेली होती आणि नम्रता गुडघ्यांमुळे घराबाहेर पडेनाशी झाली होती.

उतार झाला त्या दिवशी खुर्ची अलगद वर चढली. शेवंतीनं कठड्यावरून हात फिरवला, पोरांचा खेळ पाहिला, मग रिकाम्या बाकाकडे बराच वेळ पाहत राहिली.

"बरा केलात," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "पयलाच कित्याक नाय केलात?"

सत्यवानांनी खुर्ची परत उताराकडे वळवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची दारात आणली, तर तिनं मान हलवली. "आता नको. माका पडवेची सवय झाली." त्यांनी आठवडाभर आग्रह करून पाहिला, मग सोडून दिला.

परवा शेजारच्या गावातली माणसं बागेचा नकाशा मागायला आली. सत्यवानांनी कागद काढलाच नाही. "आधी घराघरात जावा. म्हातारी, पांगळी, बाळंतिणी, सगळ्यांका इचारा. मगे येवा," ते म्हणाले. "फक्त सकाळी येवा. सांजचो मी हिच्या वांगडा पडवेत बसतंय."