खंडेनवमीला पुजलेल्या सहा डिस्क

कळंबमध्ये मी लग्नांची शूटिंग करतो. पुढं जे सांगतोय त्यात चूक माझीच होती आणि ती मी बरेच दिवस लाइटवर ढकलली, हे आधी कबूल करतो.

तालुक्यातली लग्नं ठेवायला जागा पुरेना, म्हणून मी सहा मोठ्या हार्ड डिस्क एका पेटीत बसवून त्यांची एकच अवाढव्य डिस्क केली. यात प्रत्येक लग्नाचे तुकडे होतात आणि ते सहाही डिस्कवर विखुरले जातात. डिस्क ठरलेल्या क्रमानंच लावाव्या लागतात, नाहीतर पेटीला काहीच उमगत नाही. म्हणून मी त्यांच्यावर मार्करनं आकडे घातले होते.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पुजतात. बायको म्हणाली, कॅमेरा पुजताय, मग ह्यांनी काय पाप केलंय? मी सहाही डिस्क बाहेर काढल्या आणि देवाच्या कामात कसर नको म्हणून स्पिरिटनं लख्ख पुसल्या. पाटावर मांडल्या, हळदीकुंकू लावलं, एकेक झेंडू वाहिला. दसऱ्याला परत बसवल्या, तर पेटी सगळी लग्नं विसरली होती.

बाकीच्यांच्या फिल्म देऊन झाल्या होत्या. राहिले होते एकटे गुरुजी, मला शाळेत गणित शिकवलेले. मुलीचं लग्न झालं आणि दोन महिन्यांत त्यांची बायको वारली. बाईंचं चालतंबोलतं चित्र तेवढंच, आणि ते माझ्या पेटीत.

गुरुजी दर सोमवारी एसटीनं यायचे. मी लाइटचं कारण सांगायचो, ते चहा पिऊन जायचे. चौथ्या सोमवारी मी चहा मागवलाच नाही. सगळं सांगून टाकलं, कुंकवासकट.

गुरुजी म्हणाले, "पुसताना आकडे दिसले न्हायत व्हय तुला?"

"दिसले की गुरुजी. डाग वाटले. म्हणून तर नीट पुसले."

त्यांनी वही मागितली. "सहा वस्तू रांगेत किती तऱ्हांनी लागतात? शिकवलं होतं."

मी बोटं मोजायला लागलो.

"सातशे वीस. त्या दिवशी तू गैरहजर असणार."

दुसऱ्या दिवसापासून ते रोज यायला लागले. वहीतून क्रम वाचायचे, मी डिस्क बदलायचो, पेटी नकार द्यायची, ते फुली मारायचे. एकदा मी दोन डिस्क उलट्यापालट्या लावल्या, तर त्यांनी मला गिऱ्हाइकांसमोर उभं केलं. मी उभा राहिलो. मला जरा बरंही वाटलं.

चारशे फुल्या झाल्यावर, एका दुपारी पडद्यावर मांडव उघडला. बाई अक्षता वाटत होत्या. त्यांच्या वाटेत गुरुजी, नवी टोपी घालून, कॅमेऱ्याला पाठ करून.

"अहो, मधीच काय उभारलाव," बाई म्हणाल्या. "बाजूला व्हा की."

माझ्या शेजारचे गुरुजी उठले, खुर्ची हातभर बाजूला सरकवली आणि परत बसले.