नदीत सोडलेलं पाकीट

प्रिय मीरा आणि निखिल,

मीरा, गेल्या रविवारी तू फोनवर सहज विचारलंस, "आजी, बाळंतपणाच्या डॉक्टर घराण्यातले आजार विचारतायत. बाबा म्हणतात, लिहिण्यासारखं काही नाही. खरंच नाही ना?" मी म्हटलं, विचारून सांगते. विचारायचं कुणालाच नव्हतं, सगळं मलाच ठाऊक होतं. म्हणून आज तुम्हा दोघा भावंडांना लिहायला बसले आहे, आणि शक्य तितकं क्रमानं लिहिते, कारण यातलं तुला तुझ्या डॉक्टरांना सांगावं लागणार आहे.

तुमच्या काकाचा ओम फुफ्फुसाच्या कॅन्सरनं गेला, एवढं तुम्हाला माहीत आहे. इतक्या लहान मुलाला तसा कॅन्सर होतो हे तोवर मलाही माहीत नव्हतं. ओम तीन वर्षांचा होता. काका सैन्यात, म्हणून सुजाताकाकू आणि दोन्ही मुलं, ओम आणि तान्ही गार्गी, कडेगावला आमच्याजवळ राहत. सहा महिन्यांत ओमला तीनदा ताप आला, खोकला आला, धाप लागली. पहिल्यांदा तो साताऱ्याला आजोळी होता, दुसऱ्यांदा कडेगावात, तिसऱ्यांदा सांगलीला न्यावं लागलं. तिन्ही डॉक्टरांनी न्युमोनिया सांगितला. मी त्यांना दोष देत नाही, कारण प्रत्येकाच्या हाती एकच एक्स-रे होता. आधीचे माझ्या फायलीत होते, तारीखवार लावलेले. बरं झालेलं दुखणं नव्या डॉक्टरसमोर उकरून काढू नये, असं आमच्या घरी मानत. जन्मभर हायस्कुलात इंग्रजी शिकवूनही मी ते मुकाट्यानं पाळलं.

माझ्या सासूबाई तेव्हा होत्या. दुखणं उतरलं की त्याचे कागद वाहत्या पाण्यात सोडायचे, ही त्यांची रीत. "आजाराला फायलीत घर बांधून दिलंयस तू," त्या मला टोमणा मारायच्या. "मग त्यो परत येणार न्हाई तर काय करंल?" मी हसण्यावारी न्यायची. पण तिसऱ्या तापानंतर औषधं संपली तरी ओम झोपेतसुद्धा खांदे उचलून श्वास घेत होता. खेळता खेळता मध्येच थांबायचा आणि म्हणायचा, "आजी, मला जरा धर." एरवी तो अंगाला हात लावू देत नसे. त्याचं ते 'धर' ऐकून माझं शिक्षण कुठल्या कुठे गेलं. एका गुरुवारी मी फाईल उचलली आणि औदुंबरला गेले.

दत्ताचं दर्शन घेतलं. म्हटलं, मला काही कळेनासं झालंय, आता तूच बघ. इतकं खरं मी त्याच्याशी कधी बोलले नव्हते. मग घाट उतरून पहिल्या एक्स-रेचं पाकीट कृष्णेत सोडलं. आत हवा राहिली असावी, ते बुडालं नाही. तरंगत तरंगत, चार पायऱ्या खाली अंघोळ करणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांच्या अंगाला लागलं. त्यांनी ते उचललं, फिल्म बाहेर काढली आणि सवयीनं उन्हाकडे धरली.

वर पायरीवर त्यांची बायको टॉवेल घेऊन उभी होती. "आवं, पेन्शन घिऊन धा वर्सं झाली," ती ओरडली. "देवाच्या दारात बी फोटू बघताय व्हय? अंग पुसा आदी!"

"गप गं जरा." मग त्यांनी मला विचारलं, "बाई, ह्ये तुमचं का? पोर केवढं हाय?"

"तीन वर्षांचं. नातू आहे. आता बरा आहे," मी म्हटलं.

"आन् हातात काय हाय?"

"त्यानंतरचे दोन."

ते ओल्या अंगानं वर आले. फौजेच्या दवाखान्यात जन्मभर एक्स-रे काढले, एवढंच त्यांनी स्वतःबद्दल सांगितलं. तिन्ही फिल्म्स त्यांनी एकामागून एक उन्हात धरल्या. उजवीकडे, खालच्या बाजूला, एक पांढुरकी सावली होती. "मी डाक्टर न्हाई, बाई. पर न्युमोनिया बरा होऊन परत आला, तर दर बारीला नेमका त्याच जागी कशाला यील? ह्यो तितंच बसलाय, आन् वाढत चाललाय. ह्ये पाण्यात सोडू नगा. मोठ्या डाक्टरला तिन्ही एकदम दावा. उद्या नगं, आजच."

भिजलेली फिल्म मी पदरानं पुसत बसले. मान वर केली तेव्हा ते दोघं निघून गेले होते. पुढे दोनदा जाऊन चौकशी केली, पत्ता लागला नाही. ते कोण होते याचा निवाडा मी करत बसत नाही. फौजेतून निवृत्त झालेली माणसं आमच्या भागात गावोगाव आहेत. त्या घडीला ते त्या पायरीवर होते, एवढं मला पुरतं.

त्याच दिवशी सांगलीला तिन्ही फिल्म्स दाखवल्या आणि आठवड्याभरात आम्ही मुंबईला होतो. फक्त लहान मुलांच्याच फुफ्फुसात, आणि तोही फार क्वचित होणारा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, औषधं झाली. ओमला चौदा महिने मिळाले. शेवटच्या दिवसांत तो 'धर' म्हणायचा आणि मी धरायची. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

पण तिथल्या डॉक्टरबाईंनी पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न विचारला होता, "घरात कुणाला तरुण वयात गळ्याला गाठी झाल्या होत्या?" माझा हात आपोआप गळ्याकडे गेला. एकोणिसाव्या वर्षी माझी थायरॉईडची गाठ काढली होती, तो व्रण तुम्ही लहानपणी बोटानं चाचपायचात. रक्त तपासलं. पिढ्यांमधून उतरणारा एक दोष निघाला, ज्यानं गळ्याला गाठी होऊ शकतात आणि लहान मुलांना असा कॅन्सरही. तो माझ्याकडून काकाकडे, काकाकडून ओमकडे गेला होता. आणि गार्गीकडेही. ती तेव्हा आठ महिन्यांची, गुबगुबीत, ना खोकला ना ताप. तरी तिचं फुफ्फुस तपासलं, तर त्यात वाटाण्याएवढा हवेचा फुगा सापडला. पुढे त्याचंच ओमसारखं होऊ शकतं, म्हणाल्या. तो काढून टाकला.

ही रक्ताची गोष्ट परदेशी तुमच्या बाबांना कळवायची नाही, अशी मी काकाला शपथ घातली. कारण सांगायला लाज वाटते, पण सांगते. ओमचं मरण माझ्यातून आलं हे तुम्हाला कळू नये म्हणून. तेही एक पाकीट मी पाण्यातच सोडलं होतं. मीरा, तुझ्या फोननं ते परत आलं. आधी बाबांचं रक्त तपासा, मग गरज पडली तर तुम्हा दोघांचं, मग बाळाचं. काही निघेलच असं नाही. पण बघा.

मी देवाकडे ओम मागितला होता. तो त्यानं दिला नाही, आणि ते दुःख निवलं आहे असं खोटं लिहिणार नाही. 'तूच बघ' म्हणून मी मोकळी व्हायला निघाले होते, त्यानं मला डोळे उघडून बघायला लावलं. आता गुरुवारी हात जोडते तेव्हा काही मागत नाही. जे दाखवशील ते बघण्याचं बळ दे, एवढंच म्हणते. गार्गीसाठी मात्र रोज आभार मानते.

तिन्ही फिल्म्स माझ्या कपाटात आहेत. पहिलीच्या कोपऱ्यावर पाण्याचा डाग आहे. गार्गी आठ वर्षांची आहे आणि आत्ता अंगणात दोरीवरच्या उड्या मारते आहे.