नोटेचा एक कोपरा

आमच्या नाटक कंपनीत तो तिकिटांच्या खिडकीत बसायचा, म्हणून त्याचं नाव ‘खिडकी’ पडलं. आम्ही रंगमंचावर कधी राजे, कधी सरदार, प्रसंगी भूतसुद्धा. तो मात्र जन्मभर खिडकीच. कंपनी बुडाली, मखमली पडदे भंगारात गेले आणि आम्ही दोघं एकाच इमारतीत म्हातारे झालो. मी पहिल्या मजल्यावर, तो चौथ्या. रोज दुपारी धापा टाकत मी वर जातो. वहिनींसारखा चहा कुणाला जमत नाही आणि माझे जुने संवाद ऐकून घेणारंही दुसरं कुणी उरलेलं नाही.

खिडकीचा उद्योग ठरलेला. साठवलेले पैसे बँकेतून वापरातल्या नोटांच्या गड्ड्यांत काढून आणायचे, एकेक नोट तपासायची, काही सापडलं नाही की त्या भरून दुसऱ्या आणायच्या. त्याला हवे असायचे नंबर. सगळे आकडे एकसारखे, किंवा उलटीकडून वाचला तरी तोच. शौकीन लोक असल्या नोटांना जास्त पैसे मोजतात. ओल्या स्पंजला बोट टेकवायचं, नोटेचा कोपरा उचलायचा, नंबर बघायचा, पुढची. उरलेल्या नोटेशी त्याला देणंघेणं नव्हतं. तिकिटं विकतानाही तो खुर्चीचा नंबर बघायचा, गिऱ्हाइकाचं तोंड नाही. तपासलेला ढीग वहिनींपुढे सरकायचा. त्या सुरकुत्या काढून, सगळ्या नोटा एका बाजूने लावून रबर चढवायच्या. नाहीतर कॅशियर खेकसायचा.

इतक्या वर्षांत मिळालं ते चहापाण्यापुरतं. आणि यंदा वहिनींच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला. तळमजल्यावरची खोली रिकामी होत होती. मालकाने डिपॉझिटसाठी आठवड्याची मुदत दिली होती.

“एक नोट, राजे,” खिडकी मला म्हणायचा. “एकच मोठी नोट सापडू दे, हिला खाली नेतो.”

“अरे, या गड्ड्यांत डिपॉझिट आरामात बसेल की.”

“त्या मोडल्या तर शोधू कशात?”



मुदत संपत आली तेव्हा तो जपून ठेवलेल्या नंबरवाल्या नोटा घेऊन जुन्या नाण्यांच्या व्यापाऱ्याकडे गेला. परत आला तो भिंतीला धरून गड्ड्यांपुढे बसलाच.

“काय म्हणाला?”

“म्हणाला, आजोबा, असल्या ढिगाने येतात, फोनवर जो तो विकायला बसलाय. छपाईत चुकलेली नोट असेल तर बोला. वाकडी कापलेली, सही नसलेली. तिला म्हणे मागाल तो भाव.”

ओट्याकडून वहिनींचा आवाज आला, “अगबाई, त्या भिकार नोटा? पूर्वी यायच्या की तुमच्या गड्ड्यांत! तीन-चार तरी आल्या असतील.”

खिडकीने मान वर केली. “कुठायत?”

“कुठायत म्हणजे? बदलून आणल्या मी. एक तर अर्धी कोरीच होती. तुम्ही खोट्या नोटा खपवता म्हणून त्या कॅशियरने बोंब मारली असती. मी आपली लांबच्या शाखेत जायची. तिथे आपल्याला कोण ओळखतं? तुम्हाला बोलले नाही, उगाच जिवाला घोर लावून घेतला असतात.”

 खिडकीने सवयीने स्पंजला टेकवलेलं बोट तसंच राहिलं.

वहिनी हात पुसत बाहेर आल्या. “का हो? महाग होत्या की काय?”

“छे! तो व्यापारी फेकतो नुसता. बरं केलंस बदलल्यास.”

किती वाईट म्हटलं ते वाक्य! नजर जमिनीवर, शेवटचा शब्द गिळलेला. पण उभ्या आयुष्यात त्याने केलेला तो एकमेव अभिनय, आणि मी त्याला टाळी दिली असती. वहिनी माझ्याकडे वळल्या.

“भावजी, तुम्ही सांगा खरं काय ते.”

मी छाती भरून हसलो. “वहिनी, फाटका कोट घातला म्हणून कंपनीने मला कधी जास्त पगार दिला का?”

“तेही खरंच,” त्या म्हणाल्या, आणि चहाचं आधण बघायला गेल्या.

“पुढे तशी एखादी आली तर माझ्याकडे दे,” खिडकी त्यांच्या पाठीला म्हणाला.

“आता कुठली येतेय? हल्ली बँकेचं मशीन सगळं गाळूनच देतं. शेवटची आली तेव्हा आपली मुलगी शाळेत होती.”

मुलीलाच आता शाळेत जाणारी मुलं आहेत.

त्याने चष्मा काढला, डोळे चोळले. समोर न तपासलेल्या गड्ड्या पडल्या होत्या. मी म्हटलं, “चल, अर्ध्या मला दे. कोपरेच तर उचलायचेत.”

“नको राजे. दमलो.”

चहा त्याने उभ्यानेच घेतला. मग सगळ्या गड्ड्या कापडी पिशवीत भरल्या आणि चपला शोधायला लागला.

“अहो, निघालात कुठे? या बघायच्या राहिल्यात ना?”

“मालकाकडे. आता बसू दे त्याला बघत.”

वहिनी दारात आल्या. त्यांनी पिशवीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. “आणि उद्यापासून दुपारभर करणार काय?”

तो कठडा धरून एक पायरी उतरला होता. तिथेच थांबला, श्वास घेतला.

“तुझं सामान खाली नेणार,” म्हणाला.