परत आलेला मिक्सर

चेन्नईत अड्यारच्या आमच्या कार्यशाळेत दर रविवारी लोकांच्या बिघडलेल्या वस्तू फुकट दुरुस्त होतात. कोणी काय करायचं ते मी मोबाइलच्या ॲपवर मांडलं. काम संपलं की ते हिरवं होई.

तंजावरी मराठी बोलणारे एक म्हातारे गृहस्थ कोपऱ्यात बसत, प्रत्येक स्क्रू नेसलेल्या वेष्टीला, म्हणजे धोतराला, पुसून लावत. ॲपमध्ये ते कुठेच नव्हते. एकदा मी सगळ्यांदेखत विचारलं, "आजोबा, तुम्ही नक्की करता काय?"

त्यांनी हातातला मिक्सर अलगद खाली ठेवला.

"तुम्ही हिरवं केलेलं परत येतें, तें नीट करतों."

तो मिक्सर मीच हिरवा केला होता. परत आलेल्या वस्तूंसाठी मी रकानाच ठेवला नव्हता.

आता ठेवलाय. पण ते पुन्हा आले नाहीत, आणि त्यांचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं.