कडुनिंबाला टांगलेलं गाठोडं

मी चौथी शिकलेला माणूस, बुऱ्हाणपूरजवळ केळी लावतो. भजनी मंडळातले म्हणाले, अनुभव लिहा. लिहितो, पण गोड लागणार नाही.

करोनात माझी बायको दवाखान्यात गेली ती गेलीच. तोंड दाखवलं नाही, अग्नी देऊ दिला नाही. दुसऱ्या दिवशी स्मशानात अस्थींची मडकी ओळीनं मांडलेली, चिठ्ठ्यांची शाई पाण्यानं पसरलेली. तिथल्या माणसानं एक उचलून माझ्या हातात दिलं. मी विचारलं, "हे तिचंच कशावरून?" तो म्हणाला, "बाबा, लेना है तो लो, पीछे लाइन है." घेतलं.

आमच्यात अस्थी घरात आणत नाहीत. झाडाला टांगतात, मग तापीत सोडतात. मी मडकं फडक्यात बांधून शेतातल्या कडुनिंबाला गाठोडं टांगलं आणि तसंच राहू दिलं, वर्षांमागून वर्षं. परक्या बाईला मी का म्हणून पोचवू? माझी कुठं पडली असेल? धाकटा भाऊ टोचायचा, "दादा, वहिनीला वाऱ्यावर लटकवून ठेवलंय तुम्ही." मी म्हणायचो, "वहिनी आहे हे तू मला सिद्ध करून दे." देवघरातला दिवाही मी बंद केला. ज्यानं शेवटचं तोंड बघू दिलं नाही त्याला तेल कशाला?

जावई रवांडात नोकरीला. लेक हट्टानं घेऊन गेली. तिथंही डोंगरभर केळीच. म्हटलं, केळी बघायला एवढ्या लांब आणलं होय! मग एके दिवशी ती दोघं मला गावाबाहेरच्या एका चर्चमध्ये घेऊन गेले. तीसेक वर्षांमागं तिथं शेजाऱ्यांनीच शेजाऱ्यांना कापलं होतं. जीव वाचवायला माणसं देवाच्या घरात शिरली, आणि तिथंच मेली. बाकांवर त्यांचे कपडे आठवणीसाठी अजून तसेच ठेवलेले, लहान फ्रॉकसुद्धा. मनात आलं, इथलाही देव आपल्याकडच्यासारखाच, ऐन वेळी पाठ फिरवणारा.

मी दारातच चपला काढल्या. लेक म्हणाली, "आप्पा, इथं चालतं घालून."

"मेलेल्यांपुढं जोडे घालून मी जात नाही."

आत फळ्यांवर हाडं रचलेली, आणि एक म्हातारी फडक्यानं ती पुसत होती. माझ्या अनवाणी पायांकडं ती बघत राहिली, मग आपणहून जवळ आली. जावई तिचं बोलणं सांगत गेले. नवरा आणि तीन लेकरं तिची इथंच गेलेली.

माझ्या तोंडून निघून गेलं, "विचारा तिला, यातली तिची कोणती?"

"आप्पा, काय विचारता!" लेक चिडली. पण जावयांनी विचारलं.

म्हातारी रागावली नाही. म्हणाली, "आधी शोधायचे. दात बघायचे. ओळखू येईनात. आता सगळीच पुसते."

 बाहेर बाकीच्यांना एकत्र पुरलेल्या थोरल्या कबरीजवळ आलो, जावयांना दक्षिण विचारली. त्यांनी मोबाइलमध्ये बघून दाखवली. म्हातारी मागोमाग आली होती. मी पाण्याची बाटली काढली, तर तिनंच ती धरली आणि माझ्या ओंजळीत पाणी ओतलं. आपण आपल्या पितरांना देतो तसं अंगठ्याकडून मी ते सोडलं. नाव एकाचंही घेतलं नाही, ठाऊक कुठं होतं? ती शेवटच्या थेंबापर्यंत उभी होती.

घरी आलो आणि भावाला म्हटलं, चल. गाठोड्याचं कापड कुजलेलं, गाठ हातातच आली. तापीत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून म्हटलं, "बाई, माझी असशील तर माफ कर, उशीर केला. दुसऱ्याची असशील तर तुझ्या माणसानं माझीला असंच पोचवलं असेल, असं धरून मी तुला सोडतो." भावानंही ओंजळभर पाणी सोडलं.

देवानं तिला वाचवलं नाही, तिकडच्या लेकरांनाही नाही. ते मी विसरलेलो नाही. पण एवढ्या लांब त्या म्हातारीपुढं मला कोणी नेऊन उभं केलं, हे मला सांगता येत नाही. जिनं ओंजळीत पाणी ओतलं तिला रोज हात जोडतो. ओळख पटल्याशिवाय सोडायचं नाही, हा माझा हट्ट तापीमायनं घेतला. संध्याकाळी दिवा लावतो. मागत काही नाही.