काचेवरचं कुंकू

परवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एका बाईने कुंकवाचे ढीग मांडले होते. तो कोरडा, किंचित हळदीचा वास नाकात गेला आणि मी थेट इब्रामपूरच्या आमच्या घरात, काळ्यापांढऱ्या टीव्हीसमोर जाऊन बसले.

रविवारचा जुना मराठी सिनेमा लागला होता. कोठ्यावरचं आयुष्य सोडून, लग्न करून नव्या गावी आलेली एक बाई शेजारणीकडे हळदीकुंकवाला जाते. कुणीतरी तिला ओळखतं, आणि यजमानीण पुढे केलेला करंडा मागे घेते. ती बिचारी कपाळ पुढे करून तशीच उभी.

इतक्यात माझी थोरली काकी उठली. देवघरातला आईचा करंडा तिने आणला आणि टीव्हीच्या काचेवर, त्या बाईच्या कपाळावर, बोट टेकवलं. "ये गो बाये. तिणें दिलें ना तर हांव दितां."

"वहिनी, सिनेमा तो!" बाबा म्हणाले.

"आसूं. दारांत आयिल्ल्या सवाशिणीक अशी परत धाडटात?"

चित्र बदललं आणि ते कुंकू नायकाच्या मिशीवर आलं. आम्ही पोरं हसून हसून लोळलो.

आज हसू येत नाही. काकी तरुणपणीच विधवा झाली होती. गावातल्या कुठल्याच हळदीकुंकवाला तिला बोलावणं नसे, घरातल्या करंड्यालाही ती कधी हात लावत नसे. काच पुसायला आई ओलं फडकं घेऊन धावत आली होती. काकीच्या लाल बोटाकडे बघून ती थांबली, आणि फडकं तिने पाठीमागे लपवलं.